लिंक पहिल्या कॉमेंटमध्ये

दिल्लीतल्या एखाद्या वकिलाच्या संकेतस्थळावर जायचं म्हटलं की उंबरठ्यावरच शपथ घ्यावी लागते. पडद्यावर एक चौकट उभी राहते. तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की मी इथे स्वतःच्या मर्जीने आलो आहे, मला कोणी बोलावलेलं नाही, कोणी आमिष दाखवलेलं नाही आणि आत जे वाचणार आहे ती जाहिरात नव्हे. खाली ‘मान्य आहे’ असं बटण. ते दाबल्यावाचून आत प्रवेश नाही. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचा पोलीस चौकीत असाच जबाब घेतात.

याचं कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६. वकिलाने जाहिरात करायची नाही, दलाल नेमायचे नाहीत, आपण चालवलेल्या खटल्याच्या बातमीत स्वतःचा फोटो छापून आणायचा नाही आणि दारावरची पाटी ‘वाजवी आकाराची’ ठेवायची. वाजवी म्हणजे किती इंच, ते नियम सांगत नाही. व्ही. बी. जोशी यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर २००८ साली वकिलांना संकेतस्थळ ठेवण्याची परवानगी मिळाली. पण त्यावर नाव, पत्ता, फोन, पदवी, नोंदणी क्रमांक आणि कामाचं क्षेत्र एवढंच. म्हणजे लग्नाच्या बायोडेट्यात असतं त्याहून कमी. तिथे निदान ‘मुलगा निर्व्यसनी’ तरी लिहिता येतं.

सनदी लेखापालांचं, म्हणजे सीएंचं, दुखणं तेच. १९४९च्या कायद्याने स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेचं मुख्यालय दिल्लीत आयटीओजवळ इंद्रप्रस्थ मार्गावर आहे आणि तिचे सदस्य आज चार लाखांवर आहेत. या संस्थेने संकेतस्थळांसाठी घालून दिलेला दंडक असा, की ते ‘पुल’ पद्धतीचं असावं, ‘पुश’ पद्धतीचं नको. वाचकाने ओढून घेतलं तर चालेल, तुम्ही त्याच्या अंगावर ढकलायचं नाही. बँकेच्या काचेच्या दारावर एका बाजूला ‘ओढा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ढकला’ लिहिलेलं असतं. सीएच्या दाराला एकच बाजू. आता हे नियम सैल होऊ लागले आहेत. पण इतक्या वर्षांच्या उपासाने या व्यवसायात एक खास फराळाची पद्धत रुजली, तिचं नाव ब्लॉग. ब्लॉग ही जाहिरात नव्हे. ब्लॉग म्हणजे ज्ञानदान. ज्ञानदानाच्या तळाशी ज्ञानदात्याचा मोबाइल नंबर असतो, तो केवळ योगायोग.

यमुनापारचं लक्ष्मीनगर हे सीएंचं पंढरपूर. मेट्रोच्या स्टेशनातून खाली उतरलं की खांब, भिंती, जिन्यांच्या कडा आणि ई-रिक्षांच्या पाठी सीए फायनलच्या क्लासांनी भरलेल्या दिसतात. प्रत्येक सरांचा चेहरा पोस्टरवर, हाताची घडी, मागे सूर्यकिरण. सीए होण्याची जाहिरात खांबाखांबावर करता येते. सीए झालं की जाहिरात बंद. या गल्ल्यांमधल्या दुसऱ्या मजल्यावर, खाली फोटोकॉपीचं दुकान आणि शेजारी मोमोवाला, अशा जागी एक सीए बसतो. नाव काहीही समजा. त्याच्यासारखे प्रत्येक जिन्यावर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना गेल्या काही वर्षांत कोणीतरी सांगितलं आहे, की सर, कंटेंटशिवाय आता निभाव नाही.

ब्लॉगचा विषय शोधावा लागत नाही, तो सरकार पुरवतं. महिन्याच्या ११ तारखेला एक विवरणपत्र, २० तारखेला दुसरं. १ जुलै हा सीए दिन. २०१७च्या १ जुलैला मध्यरात्री संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये जीएसटी सुरू झाला. २०२२च्या १ जुलैला भेटवस्तूंवर कर कापणारं कलम १९४आर आलं. ज्या दिवशी बिचाऱ्याने वाढदिवसाचा केक कापावा, त्याच दिवशी सरकार नवी फाइल उघडतं. त्यातच २०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाला. ८१९ कलमांची ५३६ झाली आणि बहुतेक क्रमांक बदलले. जनतेला कायदा सोपा झाला की नाही हा वेगळा प्रश्न. ब्लॉगवाल्यांना मात्र जुना प्रत्येक लेख नवा क्रमांक घालून पुन्हा छापण्याची सोय झाली. पुनर्मुद्रणाची इतकी उदार योजना कोणत्याही साहित्य मंडळाने आजवर काढलेली नाही.

लिहितो कोण? सरांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलाला सीएंच्या भाषेत ‘आर्टिकल’ म्हणतात. दिल्लीच्या व्यावसायिक ब्लॉगांपैकी फार मोठा भाग हा आर्टिकलने लिहिलेली आर्टिकलं असा आहे. मुलगा बँकेत चलन भरून येतो, सरांच्या सासऱ्यांचं रिटर्न भरतो आणि उरलेल्या वेळात ‘इनपुट टॅक्स क्रेडिटचे सात गैरसमज’ लिहितो. गैरसमज पाचच असतात. सात हा आकडा चालतो म्हणून दोन तयार केले जातात.

लेख तयार झाला की खरं काम सुरू होतं. तो लोकांपर्यंत पोचवायचा. त्यासाठी लिंक्डइन. तिथलं गद्य हा मराठी समीक्षेने दुर्लक्षिलेला प्रकार आहे. एका ओळीत एक वाक्य. मग रिकामी ओळ. मग पुन्हा एक वाक्य.

‘क्लायंटला नोटीस आली.

तो रडला.

मी हसलो.

का?’

आणि ‘का’चं उत्तर द्यायच्या ऐवजी शेवटी लिहिलेलं असतं: लिंक पहिल्या कॉमेंटमध्ये.

ही पहिली कॉमेंट म्हणजे आजच्या व्यापाराचं चोरदार आहे. आपल्या अंगणात आलेला माणूस दुसऱ्याच्या घरी जावा हे कोणत्याच मंचाला आवडत नाही, म्हणून मूळ पोस्टमध्ये लिंक दिली तर ती फार लोकांना दाखवली जात नाही, अशी या धंद्यातल्या लोकांची श्रद्धा आहे. श्रद्धेला आधारही मिळाला: २०२४च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द इलॉन मस्क यांनी एक्सवर सांगितलं, की पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक खाली उत्तरात टाका. इन्स्टाग्रामवर तर मजकुरात दिलेली लिंक उघडतच नाही, ती ‘बायो’मध्ये जाऊन शोधायची. पान मांडलेलं इथे, भात शेजारच्या वाड्यात आणि वरण हवं असेल तर गच्चीवर, असं जेवणाचं आमंत्रण आपल्याकडे कोणी स्वीकारलं नसतं. इथे स्वीकारतात. कारण जेवायला कोणी आलेलंच नसतं.

पोस्टची वेळही ठरलेली. मंगळवारी सकाळी ९. त्या वेळी मेट्रोची ब्लू लाइन वैशाली आणि नोएडाकडून माणसं भरून यमुना ओलांडत असते आणि एका हाताने कडी धरलेला प्रत्येक जण दुसऱ्या हाताने पडदा सरकवत असतो. वाचायला इतका एकाग्र समाज जगात दुसरीकडे मिळणार नाही; त्याला हलताच येत नाही. पण तो ‘इनपुट टॅक्स क्रेडिटचे सात गैरसमज’ वाचत नसतो. तो कोणा सुनेने सासूला दिलेलं सडेतोड उत्तर बघत असतो. त्याच डब्यात कोणीतरी नाचतही असतं. मेट्रो महामंडळाने २०२३मध्ये पोस्टर लावून विनवलं, की बाबांनो, गाडीत रील काढू नका, प्रवास करा. दिल्लीकरांनी त्या पोस्टरसमोर उभं राहून रील काढली.

तरीही पोस्टला साठ-सत्तर लाइक पडतात. ते कोणाचे? ओळखीच्या सीएचे, शेजारच्या सीएचे, सीएच्या वर्गमित्र सीएचे. एकाने ‘खूप माहितीपूर्ण, सर’ लिहिलं की दुसऱ्याला त्याच्या बुधवारच्या पोस्टवर ‘डोळे उघडणारं, सर’ लिहिणं भाग. मराठी वाचकाला हा व्यवहार समजावून सांगायची गरज नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू असंच चालतं. त्यांनी प्लास्टिकचा डबा दिला, आपण गाळणी द्यायची. त्या आल्या नाहीत तर आपणही जायचं नाही. आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकीच्या फडताळात दुसऱ्यांच्या गाळण्या. फरक इतकाच, की हळदीकुंकवाला आलेल्या बायका निदान तिळगूळ खातात. ब्लॉगच्या हळदीकुंकवात आत कोणी डोकावतच नाही, दारातूनच वाण ठेवून जातात. सीएचा ब्लॉग सीए वाचत नाही, फक्त त्याला पसंती देतो. आणि गिऱ्हाईक, ज्याच्यासाठी सगळं मांडलं, त्याला या समारंभाचं आमंत्रणच नसतं.

मग उरतं व्हॉट्सअ‍ॅप. इंदिरापुरम किंवा नोएडाच्या सोसायटीच्या गटात व्यवसायाची पोस्ट टाकायला बंदी असते, म्हणून ती सणाच्या वेषात जाते. धनत्रयोदशीला लक्ष्मीचं चित्र, तिच्या पायाशी कमळ आणि कमळाखाली फर्मचं नाव, जीएसटी नोंदणीची सोय आणि गूगलवरचे पाच तारे. २०१८च्या जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कारण गंभीर होतं, अफवांमुळे माणसं मारली जात होती. पण त्या मर्यादेने दिवाळीच्या दिवशी लक्ष्मीनगरच्या एका आर्टिकलच्या अंगठ्यावर काय वेळ आली असेल, याचाही कोणीतरी विचार करायला हवा. हजार गिऱ्हाइकं, पाचपाचचे दोनशे हप्ते.

हे सगळं बघून वाटतं, की हे शहर जाहिरातीत कच्चं आहे. उलट आहे. मुंबई-पुण्याहून रेल्वेने दिल्लीला गेलेल्या कोणत्याही मराठी माणसाला विचारा. पंजाब मेल असो की झेलम, मथुरा मागे पडली की रुळांलगतच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत एकच मजकूर यायचा: ‘रिश्ते ही रिश्ते’. प्रोफेसर अरोरा, करोल बाग. लाखो लोकांनी दिल्लीचं पहिलं दर्शन हेच घेतलं. या प्राध्यापकांनी विवाह जुळवण्याची जाहिरात भिंतीवर दिली, कारण वर्तमानपत्राचं पान उलटता येतं, पण खिडकीशी बसलेल्या माणसाला भिंत उलटता येत नाही. एकच ओळ, एकच पत्ता, पुन्हा पुन्हा. पोस्ट कधी टाकावी, लिंक कुठे द्यावी, काही नाही. लग्नाला अजून अवकाश असलेली मुलंसुद्धा तो पत्ता पाठ करून दिल्लीत उतरत.

दुसरं उदाहरण महाशय धर्मपाल गुलाटी. जन्म १९२३चा, सियालकोटचा; फाळणीत सगळं सोडून दिल्लीत आले. हाती होते १५०० रुपये. त्यांतल्या ६५०चा टांगा घेतला आणि नवी दिल्ली स्टेशन ते कुतुब रोड अशा दोन-दोन आण्यांच्या फेऱ्या मारल्या. मग टांगा विकून करोल बागेत मसाल्याचं खोकं टाकलं. पुढे त्याच्या, म्हणजे एमडीएच मसाल्याच्या, जाहिरातीत वधूपित्याचं काम करणारा नट एकदा आलाच नाही. दिग्दर्शक म्हणाला, तुम्हीच उभे राहा. महाशयांनी विचार केला, तेवढेच पैसे वाचतील, आणि उभे राहिले. ते जवळजवळ अखेरपर्यंत, २०२०मध्ये ९७व्या वर्षी वारले तोवर, लाल फेटा आणि मोत्यांच्या माळा घालून प्रत्येक घरात उभेच होते. आज गुरुग्राममधले तरुण संस्थापक ‘फाउंडर-लेड ब्रँडिंग’ या विषयावर दोन दिवसांची शिबिरं घेतात. मूळ प्रेरणा नटाचं मानधन वाचवण्याची होती, हे त्या शिबिरात सांगतात की नाही कोण जाणे.

गुरुग्रामचंच निघालं म्हणून. २००८ साली बेन अँड कंपनीच्या कचेरीत दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांच्या लक्षात आलं, की दुपारी हॉटेलांची मेन्यूकार्डं बघायला सहकाऱ्यांची झुंबड उडते. त्यांनी ती कार्डं स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली. ते फूडीबे, पुढचं झोमॅटो. या कंपनीने २०१९च्या जुलैमध्ये एक ट्वीट केलं, आशय एवढाच, की मंडळी, कधीतरी घरचं जेवणही जेवावं. जेवण पोचवणाऱ्या कंपनीने हे म्हणावं याचीच गंमत. ते गाजल्यावर यूट्यूब म्हणालं, कधीतरी रात्री फोन बाजूला ठेवून झोपावं; मोबिक्विकने सुचवलं, कधीतरी विजेचं बिल रांगेत उभं राहून भरावं; प्रवासवाल्या इक्सिगोलाही घरी बसण्याचं महत्त्व पटलं. शेवटी झोमॅटोला सांगावं लागलं, की कधीतरी स्वतःची कल्पनाही लढवावी. हळदीकुंकवाचा नियम कंपन्यांनाही चुकत नाही. फक्त त्यांची गाळणी महाग असते.

हा प्रकार कधी फळत नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. सुचिता सलवान या दिल्लीच्या तरुणीने २०१२मध्ये नोकरी सांभाळून टम्बलरवर एक साधा ब्लॉग सुरू केला, ‘लिटल ब्लॅक बुक’ नावाचा. शहरात कुठे काय खावं, कुठे काय घ्यावं, एवढंच. त्यातून कंपनी उभी राहिली. तिचं गुपित शोधायला शिबिराची गरज नाही. तिने लोकांना लोकांच्या कामाचं सांगितलं. ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ हे लोकांच्या कामाचं असलं तरी लोकांना ते ठाऊक नसतं आणि नोटीस येईपर्यंत ठाऊक करून घ्यायचंही नसतं.

आणि समजा, फळलं. समजा, सकाळी उठून बघावं तर सगळा देश आपल्या दारात. मग काय होतं, तेही दिल्लीने बघितलं आहे.

मालवीय नगरमध्ये कांता प्रसाद आणि त्यांची पत्नी बादामी देवी १९९०पासून एक टपरी चालवत होते, ‘बाबा का ढाबा’. करोनाच्या टाळेबंदीत गिऱ्हाईक आटलं. २०२०च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गौरव वासन या यूट्यूबरने त्यांचा व्हिडिओ टाकला. म्हातारबाबा रडताना दिसले आणि देशाला गहिवर आला. दुसऱ्या दिवशी रांग लागली. आमदार आले, वाहिन्या आल्या, नटनट्यांनी आवाहनं केली, झोमॅटोने टपरी आपल्या यादीत घेतली. मटर-पनीर संपलं तरी रांग संपेना, कारण रांगेतल्या अनेकांना मटर-पनीर नको होतं. त्यांना बाबांबरोबर फोटो हवा होता. मदतीच्या पैशांच्या हिशेबावरून वाद झाला, तक्रार पोलिसांत गेली. डिसेंबरमध्ये बाबांनी रीतसर उपाहारगृह काढलं. पाचेक लाख घातले. खुर्च्या, आचारी, वाढपी, सीसीटीव्ही. महिन्याचा खर्च लाखाच्या घरात आणि विक्री ४० हजारांपुढे जाईना. फेब्रुवारीत ते बंद झालं आणि बाबा पुन्हा जुन्या टपरीवर. जूनमध्ये त्यांनी त्या यूट्यूबरची जाहीर माफी मागितली, तोही येऊन भेटला, दिलजमाई झाली. तिचाही फोटो निघाला.

लाखो लोकांनी पाहिलेल्या त्या व्हिडिओचा आकडा खोटा नव्हता, लोकांचा कळवळाही खोटा नव्हता. पण केरळमध्ये बसून डोळे पुसणारा माणूस मालवीय नगरला रोज दुपारी जेवायला येऊ शकत नाही. आणि जो मालवीय नगरमध्ये राहतो, त्याच्या घरी मटर-पनीर आहे.

मराठी माणसाच्या जिवाला जास्त लागणारं प्रकरण २०२४चं. दिल्लीत वडापावची लाट आली. आपला वडापाव, जो १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला असं मानलं जातं. त्याला प्रसिद्धीसाठी काय लागलं? लोकलच्या दोन गाड्यांमधली काही मिनिटं आणि गिरणगावाची भूक. दिल्लीत तोच वडापाव पीतमपुऱ्याजवळ सैनिक विहारच्या रस्त्यावर एका गाडीवर प्रकटला. विकणाऱ्या चंद्रिका दीक्षित मूळच्या इंदूरच्या, आधी हल्दीराममध्ये नोकरीला. कोणीतरी रील काढली, मग रील काढणाऱ्यांची रील निघाली. गाडीभोवती इतकी गर्दी, की वाहतूक अडली, भांडणं झाली, पोलीस आले आणि या प्रत्येक टप्प्याची वेगळी रील. जूनमध्ये त्या ‘बिग बॉस ओटीटी’च्या घरात पोचल्या. वडापाव विकून थेट अनिल कपूरपुढे उभं राहण्याचा पराक्रम दादरच्या कोणत्याही गाडीवाल्याला जमलेला नाही. त्याला दुपारची गर्दी सोडून जायला सवडच मिळत नाही. लोण्यात परतलेला तो पाव बघून दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये काय बोललं गेलं, ते इथे छापण्यासारखं नाही. पण रांगेत उभं राहून तो खाणाऱ्यांत करोल बागेतली मराठी मुलंही होतीच.

‘बिग बॉस’च्या घरात चंद्रिका म्हणाल्या, मी दिवसाला ४० हजार कमावते. देश वाद घालत बसला, की हे खरं की खोटं. लक्ष्मीनगरमध्ये वाद झाला नाही, गुणाकार झाला. ४० हजार गुणिले ३६५ म्हणजे १ कोटी ४६ लाख. ही उलाढाल धरली, तर जीएसटीच्या कंपोझिशन योजनेच्या दीड कोटींच्या मर्यादेत चार लाखांनी बसते. दिल्लीच्या सीएला रील अशी दिसते.

नागपूरच्या डॉली चायवाल्याने तर फेब्रुवारी २०२४मध्ये बिल गेट्स यांना चहा पाजला आणि हा गोरा पाहुणा कोण, हे त्याला नंतर कळलं. जाहिरातीचा सारा अभ्यासक्रम या एका प्रसंगापुढे थिटा पडतो. तरीही लोक क्लास लावतात.

या गोंधळात सरकार मागे कसं राहील? ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ला नियम काढले, की पैसे किंवा भेट घेऊन एखाद्या वस्तूची भलामण केलीत, तर ती जाहिरात आहे असं ठळक सांगा. दिशाभूल केली तर १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. शिवाय ते कलम १९४आर, आता क्रमांक बदललेलं. वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या भेटी मिळाल्या, तर देणाऱ्याने १० टक्के कर कापायचा. त्याच्या खुलाशात प्रत्यक्ष कर मंडळाने म्हटलं, की इन्फ्लुएन्सरने मोबाइल किंवा मोटार वापरून परत केली तर तो लाभ नव्हे, ठेवून घेतली तर लाभ. मोटारीचं ठीक आहे. त्याच यादीत सौंदर्यप्रसाधनंही होती. वापरलेली लिपस्टिक परत केल्याची पोच कशी घ्यायची, यावर लक्ष्मीनगरमध्ये त्या महिन्यात किमान डझनभर ब्लॉग निघाले असतील.

करोल बागेत आणि चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत मात्र एक मराठी धंदा असा आहे, ज्याला यातलं काहीच लागत नाही. सांगलीच्या खानापूर, आटपाडी भागातून, दुष्काळाला कंटाळून पिढ्यांपूर्वी बाहेर पडलेले गलाईवाले. सोनं-चांदी वितळवायची, शुद्ध करायची, टंच काढायचा. जिना अरुंद, खोली लहान, भट्टीची धग आणि मुशीत लाखोंचा ऐवज. सराफ आपलं सोनं ज्याच्या हाती देतो, त्याचे फॉलोअर विचारत नाही. तो विचारतो, कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, आधी कोणाकडे होता. विट्याकडच्या एका गावाचं नाव सांगितलं की काम होतं. यांची पाटी बऱ्याचदा इतकी लहान असते, की बार कौन्सिलने आकाराचा नमुना म्हणून भिंतीवर लावावी. अर्थात धाकट्या पिढीतला एखादा मुलगा आता मुशीतून ओतल्या जाणाऱ्या सोन्याची रील टाकतो. तीवर प्रतिक्रिया भरपूर येतात. काका त्याला एवढंच विचारतात, “अरे, घरात किती सोनं आहे ते जगाला कशाला दाखवतोस?”

परत लक्ष्मीनगरच्या दुसऱ्या मजल्यावर. सहा महिने मंगळवार न चुकवता झाले आणि एका संध्याकाळी खरोखरच नवं गिऱ्हाईक आलं. गांधीनगरचा तयार कपड्यांचा व्यापारी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जीएसटीची नोटीस. सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला. आर्टिकलकडे एक अर्थपूर्ण नजर टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्याबद्दल कुठे वाचलंत? लिंक्डइनवर? की ब्लॉगवर?

“वाचलं नाही हो,” व्यापारी आपल्या दिल्लीच्या हिंदीत म्हणाला, “या नोटिशीची फोटोकॉपी काढायला खाली आलो होतो. जिन्यात तुमचा बोर्ड दिसला.”

बोर्ड वाजवी आकाराचा होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यावर एका कॉस्टिंगच्या क्लासचं स्टिकर चिकटलेलं होतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी ९ वाजता, ब्लू लाइन यमुनेवर असताना, नवी पोस्ट आली.

‘काल एक क्लायंट आला.

तो काय म्हणाला, ऐकून मी थक्क झालो.’

सत्तर लाइक पडले. शेजारच्या जिन्यावरच्या सीएने लिहिलं, प्रेरणादायी, सर. लिंक पहिल्या कॉमेंटमध्ये होती. आर्टिकलने पाटीचा फोटोही काढून ठेवला होता. पण तो टाकणं ओढण्यात मोडतं की ढकलण्यात, हे सरांना ठरवता येईना, म्हणून राहिला.